चारशे सतरावं पान

"चोरी कशाची म्हनलात?" नानासो मोहित्यांनी पुन्हा विचारलं.

"शेवाळाची," उमा म्हणाली.

नानासोंनी कप बशीत ठेवला. अठ्ठावीस वर्षं लष्करी पोलिसात काढून ते साताऱ्याला परतले होते, आणि पोवई नाक्याजवळ टायपिंगच्या दुकानावरच्या खोलीत खाजगी चौकशा करत होते. बहुतेक लग्नाआधीच्या. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठं ठरलं होतं का. शेवाळ चोरीला गेल्याची तक्रार घेऊन त्या जिन्याने अजून कुणी चढलं नव्हतं.

"आमच्या गावात विहिरीतनं टोपलीनं काढून टाकत्यात. कुनी न्हेलं तर उपकारच की ताई."

उमाला हसू आलं नाही. एप्रिलपासून तिला ते सावकाशच येत असे. तिने सरळ सांगायला सुरुवात केली.

तिचे वडील मधुसूदन आगाशे सांगलीच्या एका महाविद्यालयात चौतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवत होते. निवृत्तीनंतरही त्यांचा एकच नाद : गोड्या पाण्यातलं हिरवं शेवाळ. कृष्णाकाठची डबकी, पाट, झरे पालथे घालून त्यांनी नमुने जमवले, कागदावर वाळवले. अशी बाराशे चौदा पानं, आकडे तारखेप्रमाणे नव्हे, शेवाळाच्या कुळाप्रमाणे राखून ठेवलेले. एप्रिलमध्ये ते हृदयविकाराने गेले. संग्रह महाविद्यालयाला दिला. दालनाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं, पाटीसुद्धा रंगवून झाली. मग ऑक्टोबरात पुण्याहून तज्ज्ञ आले आणि त्यांनी चारशे सतरावं पान सूक्ष्मदर्शकाखाली धरलं.

"त्या पानावर बाबांचा सगळ्यात मोठा निबंध उभा आहे. स्पायरोगायरा नावाचं शेवाळ. तसं ते कुठल्याही डबक्यात मिळतं, पण त्याच्या पुष्कळ जाती आहेत. त्यातली एक आपल्याकडे कुणीच पाहिली नव्हती. मेढ्याजवळच्या एका झऱ्यात बाबांना ती सापडली." ती थांबली. "म्हणजे, त्यांच्या विद्यार्थिनीला सापडली."

"आन् पानावर?"

"भलतंच शेवाळ निघालं. आता म्हणतात, नोंद बनावट होती. सोमवारी अकरा वाजता समिती बसते आहे. निबंध मागे घेणार, पाटी उतरवणार. माणूस जाऊन सात महिने झाले, त्याला स्वतःच्या बाजूने बोलताही येत नाही."

"तुमचा वहीम कुनावर?"

"सृष्टी रांजणे. तीच विद्यार्थिनी."

नानासोंनी मिशीवरून बोट फिरवलं. "लय तयार हुतं नाव."

 शेवटची पाच वर्षं उमा दर रविवारी साताऱ्याहून घरी फोन करायची, आणि दर रविवारी बाबा तिला सृष्टीबद्दल सांगायचे. सृष्टीने हे शोधलं, सृष्टीने ते ओळखलं. हे फोन ठेवताना काय वाटायचं ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

*

शनिवारी उमाच्याच गाडीने दोघं सांगलीला पोचले. विभागप्रमुख उदयसिंह माने मूळचे फलटणचे, धिप्पाड, आवाज मात्र मऊ. त्यांनी दोन पानं टेबलावर ठेवली.

चारशे सोळावर हिरव्या रेशमाची लड सुटावी तसे धागे पसरले होते. एकही दुसऱ्यात गुंतलेला नव्हता. चारशे सतरावर काळपट हिरवा, राठ झुबका होता.

"स्पायरोगायराचा धागा साधा, त्याला फांदी फुटत नाही," माने म्हणाले. "प्रत्येक पेशीत हिरवी फीत, गोल जिन्यासारखी फिरत गेलेली. संथ पाण्यावर तरंगतं. हाताला बुळबुळीत, आणि त्याच बुळबुळीनं कागदाला आपोआप चिकटतं. हे दुसरं क्लॅडोफोरा. हेही हिरवंच शेवाळ, पण घराणं निराळं. याला फांद्या येतात, अंगावर बुळबुळ नसते. जिथं पाणी वाहतं किंवा ठिबकतं तिथं दगडाला, टाकीच्या काठाला बुडख्यानं घट्ट धरून राहतं. पहिल्या वर्षाचं पोर सांगेल."

नानासो भिंगातून बघत होते. "हितं डिंक लावलाय व्हय?"

"लावावाच लागणार. ते स्वतःहून चिकटत नाही."

"आन् बुडाला ही निळी कनी?"

"ज्याला धरून वाढलं त्याचा पापुद्रा असेल. उपटताना बरोबर येतो."

"मला आनि धा पानं दावा. कुठलीबी."

मान्यांनी दहा पानं काढली. नानासो एकेक तिरपं धरून उजेडात बघत राहिले. वाळवताना ओल्या शेवाळावर कापड टाकतात, त्याची बारीक वीण प्रत्येक पानावर उमटली होती. कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा. शाई पाण्यात फुटते म्हणून पेन्सिल. काही पानांवर शेवाळाचा धागा त्या आकड्यावरून गेला होता.

"आकडा आधी, पानी मागनं," नानासो पुटपुटले. "सतरावरबी तसंच. वीणबी तीच."

"तेच तर दुःख आहे," माने म्हणाले. "कापड तेच, आकड्याचं वळण तेच. लेबल तर सरांच्याच अक्षरातलं. ते थरथरतं अक्षर कोण ओळखणार नाही? उमा, तू बाहेरच्या चोराला शोधते आहेस. हे पान ज्या हाताने बाकीची बाराशे केली त्याच हाताचं आहे."

उमाचे कान तापले. "तुम्हाला बरंच वाटत असेल, काका."

मान्यांनी पानं एकावर एक रचली. "हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू? तीस वर्षं मी शेजारच्या खोलीत बसलो. सातशे फुलझाडं जमवली, माझ्या नावाचं कपाटसुद्धा नाही. पण त्यांच्या पेट्या ऑगस्टात कुलूपबंद आल्या आणि ऑक्टोबरात तज्ज्ञांसमोरच उघडल्या. मधे किल्ली कुलसचिवांकडे होती. विचारून घ्या."

नानासोंनी विचारून घेतलं. खरं होतं.

बाहेर आल्यावर उमा म्हणाली, "म्हणजे पान घरातच बदललं. पेट्या निघायच्या आधी."

"तसंच दिसतंय."

"आणि घरात ती येत होती."

"च्या पिऊ गड्या आधी," नानासो म्हणाले, आणि मग जीभ चावून, "ताई म्हनायचं हुतं."

*

चहा विश्रामबागेतल्या घरीच झाला, आणि मागोमाग जेवणही. उमाची आई, कुमुद आगाशे, सत्तरीची, उंच, अंगावर फिकी सुती साडी. त्या फार बोलत नसत. पाहुण्यांना हात धुवायला त्यांनी परसातली टाकी दाखवली.

टाकी गडद निळ्या रंगाची होती. नळाची चकती गेली होती. पाणी थेंब थेंब काठावर पडत होतं आणि त्याखाली हिरवी दाढी वाढली होती. नानासोंनी त्या दाढीला बोट लावून पाहिलं.

"रंग नवा दिसतोय," ते म्हणाले.

"मी दिला, मे महिन्यात," उमा म्हणाली. "आधी नुसतं सिमेंट होतं. बाबांच्या नंतर घर फार करडं वाटायला लागलं होतं."

कुमुदताईंनी हात पुसायला कापड पुढे केलं. जुन्या साडीचा चौकोन, धुऊन धुऊन मलमलीसारखा झालेला, चारी कडा टिपलेल्या. नानासोंनी हात पुसले, घडी घातली, पुन्हा उलगडली, आणि परत दिलं.

जेवताना त्यांनी विचारलं, "वैनी, पेट्या कुनी भरल्या?"

"मीच. आकड्याप्रमाणे. आणखी कोण भरणार?"

"घरी कोन कोन येत हुतं?"

"माने तेराव्याला आले, नंतर फिरकले नाहीत. ती मुलगी आधी यायची. दर शनिवारी, मेढ्याहून, एसटीने." कुमुदताईंनी आमटी वाढली. "तुम्ही बसला आहात त्याच खुर्चीत. दोन-दोन तास दोघं त्या सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावून. हे मोठ्याने हसायचे. चाळीस वर्षांच्या संसारात मी इतकं हसू ऐकलं नव्हतं."

"तुमी तवा काय करत हुता?"

"मी? चहा."

उमाने आईकडे पाहिलं. सृष्टीबद्दल आपल्याइतकंच कुणाला बोचत असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिला थोडं बरं वाटलं.

हात धुवायला नानासो पुन्हा परसात गेले आणि जरा रेंगाळून परत आले.

*

रविवारी मेढ्याच्या पुढे, डोंगराच्या पोटातल्या वस्तीवर गाडी थांबली. दारात सृष्टीची चुलती साळूबाई शेण काढत होती.

"सृष्टे! आगं, सातारचं पावनं आल्यात. गाडीवालं!" मग उमाकडे निरखून, "तुमी सरांची ल्येक न्हवं? नाक तेच हाय."

उमाचं लक्ष गोठ्याकडे होतं. म्हशीपुढे पाण्याचं भांडं होतं. निळं. आत हिरवं शेवाळ. तिने नानासोंचा दंड धरला. "बघा. निळं."

नानासो गेले, काठावर नख ओढलं, पुन्हा ओढलं. "ताई, ह्ये पिंप हाय, मधनं कापलेलं. प्लास्टिक. ह्याचा पापुद्रा सुटत न्हाई."

सृष्टी बाहेर आली. पंचविशीची, केस घट्ट बांधलेले. उमाला पाहून ती पायरीवरच थांबली.

"मी येणार होते समितीपुढे," ती म्हणाली. "पण माने सर म्हणाले, लेबलवर तुझंही नाव आहे, तू आरोपी की साक्षीदार ते आधी ठरू दे."

"लेबलवर काय ल्हिलंय?" नानासोंनी विचारलं.

"संग्राहक, सृष्टी रांजणे. निश्चिती, म. आगाशे. सरांनीच तसं घातलं. मी नको म्हणत होते. बाकी सगळ्या पानांवर फक्त त्यांचं नाव आहे."

"एकाच पानावर दुसरं नाव," नानासो म्हणाले. "मंग आता नवं पान करून दावा की. झरा तर हितंच हाय."

"शेवाळ आहे, पण उपयोग नाही. नोव्हेंबरात नुसते धागे असतात. जात ओळखायची तर बीजाणू लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन धागे एकमेकांना जोडले जातात आणि मग बीजाणू धरतात. आता नेलं तर समिती म्हणेल, हे कुठलंही स्पायरोगायरा. जुनं पानच पाहिजे."

"पान्यातनं शेवाळ कागदावर उचलायला तू शिकलीस का सरांकडनं?"

सृष्टी कसनुसं हसली. "सर पाण्यातलं काम माझ्यासमोर कधी करायचे नाहीत. त्यांचे हात थरथरायचे ना, आठ-नऊ वर्षांपासून. सूक्ष्मदर्शकाचा स्क्रूसुद्धा मी फिरवायची. मी ओलं शेवाळ बाटलीतून न्यायचे. पुढच्या शनिवारी पान तयार असायचं."

"सरांच्या मागं घरी कितींदा गेलीस?"

सृष्टीने उमाकडे पाहिलं, मग खाली. "तेराव्याला. तेव्हा ताईच म्हणाल्या, आता इथं तुझं काही काम नाही, परत येऊ नकोस."

साळूबाईने झाडू थांबवला. "आसं म्हनला व्हय? पोरगी दोन दिस जेवली न्हाई."

 उमा तसं म्हणाली होती. अगदी त्याच शब्दांत.

"मला तुमचा हेवा वाटायचा, ताई," सृष्टी एकदम म्हणाली. "रविवारी कधी थांबले तर बघायचे. तुमचा फोन आला की सर मला मधेच थांबवायचे. ठेवल्यावर पाच मिनिटं काही शिकवायचे नाहीत. नुसते बसायचे."

 म्हशीने पाण्यात तोंड घातलं.

नानासोंनी खिशातून तंबाखूची रिकामी डबी काढली. आत ओलसर हिरवा गोळा होता. "जरा बघ ह्ये कंचं हाय."

सृष्टीने आतून भिंग आणलं. क्षणभरच लागलं. "फांद्या आहेत. क्लॅडोफोरा. कुठलं आणलंत?"

"गावलं वाटंत. उद्या सांगलीला ये. नवाच्या आत. आन् झऱ्याचं ताजं शेवाळ बाटलीत घिऊन ये."

"पण मी सांगितलं ना, त्याने सिद्ध होणार नाही..."

"ते न्हाई हुनार. दुसरं कायतरी हुईल."

*

सोमवारी नऊला आगाश्यांच्या बैठकीत चौघं होती. सृष्टी दाराजवळच्या स्टुलावर, बाटली मांडीवर धरून. नानासो खुर्चीत. कुमुदताईंनी चहाचा ट्रे ठेवला आणि आत वळल्या.

"वैनी, बसा," नानासो म्हणाले. "आज च्या गार झाला तरी चालंल."

त्या बसल्या.

"ताई, तुमी मला चोर हुडकायला सांगितला. म्या आधी ह्ये हुडकलं, की पान कवा झालं. बुडाला निळी कनी हाय. दगड निळा नसतोय. प्लास्टिक सुटत न्हाई. सुटतो तो रंग, सिमेटावरचा. क्लॅडोफोरा टाकीच्या काठाला धरतं, पानी ठिबकंल तिथं, ह्ये माने सर बोललं. तशी टाकी म्या एकच बघितली. आन् डबीतलं शेवाळ तिथलंच हुतं. सृष्टीनं नाव सांगितलं."

उमाने परसाच्या दाराकडे पाहिलं.

"रंग तुमी दिला, मे महिन्यात. सर गेलं एप्रिलात. म्हंजे त्या निळ्यावर वाढलेलं शेवाळ सरांनी उचलनं शक्यच न्हाई. तुमचा बाप सुटला, ताई. पहिल्या दिवशीच सुटला हुता."

उमाने डोळे मिटले, उघडले. "मग कोण?"

"मे ते आगस्ट. घरातलं. माने सर आलं न्हाईत. सृष्टीला तुमी दार बंद क्येलं. आन् तिच्या दारात खरं शेवाळ फुकाट हाय, ती खोटं कशाला ठेवंल? ज्याला शेवाळाची जात कळती, त्यो असली चूक करनार न्हाई. उलट सर बुडावं म्हनून मुद्दाम केली म्हनावं, तर त्या मानसाला टाकीपतूर याया पायजे. त्ये जमनारा कुनी दिसत न्हाई."

नानासो पुढे वाकले.

"मान्यांची एक गोष्ट मात्र सोळा आने खरी. ह्ये पान ज्या हातानं बाकीची केली त्याच हातचं हाय. आकडा आधी ल्हिलेला, वीण तीच. फकस्त त्यांनी हात चुकीचा धरला. लेबलावरचं आकडं थरथरतं. पेनशिलीचं ठाम. मानूस एक, हात दोन कसं? आठ-नऊ वर्सं ज्याला स्क्रू फिरवता येत न्हाई, त्यो पान्यातनं रेशमावानी धागा उचलनार कसा, एकबी न गुंतता? बाटली शनिवारी यायची, पुढच्या शनिवारी पान तयार. मधल्या सा दिवसांत ह्या घरात कोन हुतं?"

टेबलावर साडीचा तो चौकोन होता. चहाचा ट्रे त्यावरच ठेवला होता. नानासोंनी त्याच्याकडे बोट केलं नाही. उमालाच तो दिसला. बारीक, मऊ वीण.

"आई," ती म्हणाली.

कुमुदताईंनी पदर सारखा केला. त्यांचा आवाज नेहमीइतकाच होता.

"बाराशे चौदा. पहिलं केलं तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. त्यांचा हात तेव्हाही घाईचाच होता, थरथर तर नंतर आली. मोठ्या परातीत पाणी घ्यायचं, धागे सोडायचे, खालून कागद घालायचा आणि श्वास धरून एका बाजूने वर घ्यायचा. साड्या फाडून कापडं केली. आकडेसुद्धा मीच घालायची. माझं नाव कुठे यावं असं मला वाटलं नाही, खरंच नाही. घरचं काम, त्यात नाव कसलं?" त्या सृष्टीकडे वळल्या. "मग एके दिवशी त्यांनी तुझं नाव घातलं. सहज. लेबल लिहून माझ्याकडे दिलं, चिकटव म्हणाले. मी चिकटवलं."

सृष्टीने बाटली मांडीवरून खाली ठेवली.

"ते गेल्यावर पेट्या भरताना ते पान समोर आलं. सगळी माझ्या हातची, आणि त्यांच्याशेजारी नाव आलं ते एकट्या हिचं. माझ्या हातचं ते पान हिच्या नावाने जायला नको होतं. पण आकडा गाळला असता तर कळलं असतं. लेबल वाफेवर सोडवून दुसऱ्या कागदावर लावलं. टाकीचं शेवाळ घेतलं. खरखरीत लागलं हाताला, कागदाला धरेना, आयुष्यात पहिल्यांदा डिंक लावला. वाटलं, हिरवं ते हिरवं, वाळल्यावर कोण बघतं? त्या एका पानावर त्यांचा निबंध उभा आहे हे मला कुणी सांगितलं होतं? मला पानं यायची, निबंध येत नसे."

"पण महिना झाला, आई! सगळे त्यांना खोटं म्हणत होते."

"धीर झाला नाही." त्या थांबल्या. "आणि तू हिलाच चोर म्हणायला लागलीस. तेव्हा मला बरं वाटलं, उमा. ते जास्त वाईट."

 परवा जेवताना आपल्यालाही बरं वाटलं होतं, हे उमाला आठवत होतं.

"खरं पान?" नानासोंनी हळूच विचारलं. "फाडलं न्हाई न्हवं?"

"स्वतःच्या हातचं कोण फाडतं?" कुमुदताई उठल्या. कपाटाच्या तळाशी, घडीच्या साडीत, दोन पुठ्ठ्यांमध्ये ते होतं. धागे अजून हिरवे होते.

नानासोंनी घड्याळ पाहिलं. "समितीला म्या सांगू शकतो, पेटी भरताना पान चुकून मागं ऱ्हायलं. निम्मं खरं हाय. तुमचं नाव येनार न्हाई."

उमाने आईकडे पाहिलं. हो म्हण, असं तिला वाटलं, आणि म्हणू नकोस असंही.

"चुकून कसं?" कुमुदताई म्हणाल्या. "डिंक काय चुकून लागला? त्यांच्यावर आळ आला तो माझ्या हाताने. मीच सांगते. उमा, माझी करड्या काठाची साडी काढ."

*

समितीत पाच माणसं होती. कुमुदताईंनी उभ्यानेच सांगितलं, चार-पाच वाक्यांत, कुणाच्याही डोळ्यांत न बघता. तज्ज्ञांनी खऱ्या पानावरचा एक धागा ओला करून सूक्ष्मदर्शकाखाली घेतला.  मग मान्यांना म्हणाले, "बीजाणू स्वच्छ आहेत. आगाशे बरोबर होते. निबंध राहील."

पाटीही राहणार होती. उमाने टेबलाची कड धरली. सात महिन्यांत पहिल्यांदा तिला वाटलं, आता रडलं तरी चालेल. पण मान्यांना अजून काही विचारायचं होतं.

"वहिनी, सगळी पानं तुम्ही केलीत? आम्ही वर्गात ती नमुना म्हणून दाखवत आलो. मला... राग मानू नका. विश्वास बसत नाही."

"परात आहे का?" कुमुदताई म्हणाल्या.

प्रयोगशाळेतून पत्र्याचं पसरट ताट आलं. सृष्टीने बाटली उघडून झऱ्याचं शेवाळ पाण्यात सोडलं. कुमुदताईंनी बांगड्या कोपराकडे सरकवल्या, कागद खालून घातला, एका काडीने धागे मोकळे केले. कागद एका कडेने वर येऊ लागला. पाणी निथळलं आणि हिरवं रेशीम जिथल्या तिथे राहिलं. पुण्याचे तज्ज्ञ नकळत उभे राहिले होते.

"हे कुठे शिकायला मिळतं?" त्यांनी विचारलं.

"कुठेच नाही," माने म्हणाले. मग घसा साफ करून, "इथे मिळू शकेल. वहिनी शिकवणार असतील तर."

दाराजवळ उभ्या असलेल्या नानासोंनी टोपी घातली आणि निरोप न घेता निघून गेले.

"आई, मला दाखव," उमा म्हणाली. तिने बाह्या वर केल्या, कागद घेतला. धागे वर येता येता एकदम गोळा झाले आणि एका बाजूला घसरले. तिने पुन्हा केलं. पुन्हा तसंच.

"तुझा हात त्यांचा आहे," कुमुदताई म्हणाल्या. "घाईचा. सृष्टी, तू ये."

सृष्टीने उमाकडे पाहिलं. उमा बाजूला झाली. सृष्टीचा पहिलाच कागद जवळजवळ सपाट वर आला. कुमुदताईंनी तिच्या मनगटाखाली बोट धरलं आणि म्हटलं, "श्वास सोडू नकोस अजून. हां. शांत आहे तुझा हात."

बाबांनी हेच शब्द कधी सृष्टीला म्हटले असतील का, असं उमाच्या मनात आलं, आणि ती जुनी कळ तिथल्या तिथे उठली. आता आईसुद्धा. ताट टेबलाच्या उतारावर होतं, पाणी एका अंगाला येऊन सृष्टीचा दुसरा कागद डळमळायला लागला होता. कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

उमाने दोन्ही हातांनी ताटाची खालची कड उचलली आणि पाणी सपाट होईपर्यंत तशीच धरून उभी राहिली.